अंतराळात झाडं वाढवणाऱ्या संशोधकाचं काम कसं मोजावं

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. एम.एस्सी. बॉटनीचे निकाल लागले की मुलं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. "मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स 22 आहे. पीएच.डी.ला त्यांच्याकडे अर्ज करू का?" एच-इंडेक्स म्हणजे एखाद्याच्या पेपरांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला यावरून काढलेला आकडा. जून 2025 मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, त्यांच्यासोबत धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मेथी आणि मुगाला मोड आणण्याचा प्रयोगही गेला. तेव्हापासून या प्रश्नात अंतराळाची भर पडली आहे. धारवाड म्हणजे आपल्या शेजारचंच गाव. तिथली मेथी वर जाऊ शकते तर आपणही या विषयात का शिरू नये, असं मुलांना वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे.

गाईड निवडणं म्हणजे उमेदीची पाच-सहा वर्षं कुणाच्या तरी हाती सोपवणं. मोहोळ, बार्शी, सांगोल्याकडून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात त्यांच्याआधी पदवीपर्यंत कुणी शिकलेलं नसतं. विचारायचं कुणाला, हेच माहीत नसतं. मग मोबाइलवर जो एक आकडा दिसतो त्यावर ती विसंबतात. तो आकडा कुठून येतो, तो कसा तपासायचा आणि त्याच्या मागे काय पाहायचं, हे इथे लिहिते आहे. उदाहरण वनस्पती आणि अंतराळ जीवशास्त्राचं घेतलं आहे, कारण या विषयात आकडे नेहमीपेक्षा जास्त चकवतात. पद्धत मात्र केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातल्या किंवा रब्बी ज्वारीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञालाही तशीच लागू पडते.

क्रम असा ठेवा: आधी त्या व्यक्तीच्या पेपरांची यादी स्वतः करा, मग मोजा, आणि मोजून झालं की ज्यांनी तिचा संदर्भ दिला त्यांचे पेपर उघडून वाचा. बहुतेक जण मधल्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

यादी निवडून-पाखडून घ्या

शोधाच्या चौकटीत 'पाटील एस. एस.' टाकून पाहा. रसायनशास्त्र, हाडांची शस्त्रक्रिया, सिमेंट काँक्रीट, सगळं एका रांगेत येईल. जाधव, शिंदे, कुलकर्णी यांचंही तेच. सोलापुरात आणखी एक अडचण आहे. इथल्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लिहायची रीत आहे, आणि संगणक शेवटचा शब्द आडनाव समजतो. त्यामुळे एकाच माणसाचे पेपर दोन-दोन नावांखाली विखुरतात. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक स्त्रियांचं आधीचं काम तर हिशेबातून सरळ गळतं. मला हे फार लागतं, कारण अशा एखाद्या बाईंचं निम्मं काम नुसतं नाव नीट न जुळल्यामुळे कुणाच्या नजरेसच येत नाही.

परदेशी नावंही सोपी नसतात. फ्लोरिडा विद्यापीठातल्या ॲना-लिसा पॉल या अंतराळातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या नामवंत शास्त्रज्ञ. त्यांच्या नावातल्या जोडरेघेमुळे आद्याक्षरं कधी एक, कधी दोन धरली जातात, आणि पॉल हे आडनाव असलेले लोक जगभर आहेत. नुसत्या नावावर शोध घेतला तर तुम्ही त्यांचं काम मोजताय की आणखी कुणाचं, हे कळणार नाही.

म्हणून सुरुवात ऑर्किड (ORCID) क्रमांकापासून करा. हा 16 अंकांचा क्रमांक संशोधकाच्या नावाला कायमचा जोडलेला असतो. 2012 पासून ही सोय आहे. लग्न झालं, नोकरी बदलली, देश बदलला तरी क्रमांक तोच राहतो. संशोधकाच्या पेपरच्या पहिल्या पानावर नावाशेजारी हिरवं गोल चिन्ह दिसेल, त्यावर बोट ठेवलं की त्याचं पान उघडतं. ते पान भरायचं काम संशोधकाचं स्वतःचं असल्यामुळे काही पानं रिकामी सापडतात. तरीही तुमचा पहिला खुंटा हाच.

यानंतर तीन ठिकाणी जा. गुगल स्कॉलर सर्वांना ठाऊक असतं. ते प्रबंध, परिषदेतले निबंध, छापण्याआधीच्या प्रती, सगळं मोजतं, त्यामुळे तिथला आकडा साधारणपणे सगळ्यात मोठा असतो. दुसरं स्कोपस. त्याची पूर्ण सेवा विकत घ्यावी लागते, पण लेखकाचं पान आणि एच-इंडेक्स मोफत पाहता येतो. तिसरं ओपनॲलेक्स. 2022 च्या सुरुवातीला हे सुरू झालं, मोफत वापरता येतं, आणि त्यातली यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते. छोट्या महाविद्यालयांना याचा मोठाच आधार झाला आहे. मात्र लेखक ओळखण्याचं काम तिथे यंत्र करतं, म्हणून एकाच माणसाची दोन पानं किंवा दोन माणसांचं एक पान असा घोळ असू शकतो.

तिन्ही याद्या एका एक्सेल शीटमध्ये आणा आणि डीओआय क्रमांकावर जुळवा. डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरचा स्वतःचा ओळख क्रमांक. शीर्षकावर जुळवायला जाऊ नका, स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी जुळणी फसते. रकाने एवढे पुरतात: वर्ष, नियतकालिक, डीओआय, एकूण लेखक किती, आपली व्यक्ती त्यांत कितवी, पत्त्यात कुठल्या संस्था, तिन्ही ठिकाणची सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांत त्याचा संदर्भ किती वेळा आला), आणि तुम्ही आकडा पाहिला ती तारीख. तारीख नसलेल्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण तो दर आठवड्याला बदलतो.

छापण्याआधीची प्रत आणि छापलेला पेपर हे दोन धरले गेले असतील तर एक करा. मागे घेतलेला पेपर आहे का, तेही पाहून घ्या. रिट्रॅक्शन वॉचची यादी 2023 पासून सर्वांना खुली आहे.

पत्त्यांचा घोळ आपल्याकडे जास्त. आपलं सोलापूरचं विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झालं आणि 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे एकाच विभागात बसून काम केलेल्या प्राध्यापकाच्या पेपरांवर तीन विद्यापीठांची नावं सापडतात. जुन्या पेपरांत शहराचं इंग्रजी स्पेलिंगही 'शोलापूर' असं आहे. संस्थेच्या नावाने शोधायचं तर ही सगळी रूपं टाका.

मग मोजा

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडली. जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन्स, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. ती समजायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. समजा एका संशोधकाचे नऊ पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 42, 18, 11, 9, 6, 5, 3, 1 आणि 0 सायटेशन्स आहेत. मोठ्याकडून लहानाकडे मांडणी झालीच आहे. आता पेपरला क्रमांक देत खाली या. पाचव्या पेपरला 6 सायटेशन्स, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला 5, म्हणजे सहापेक्षा कमी. थांबा. एच-इंडेक्स 5. गुगल स्कॉलरचा आय-10 म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्स मिळालेले पेपर, ते इथे 3. एकूण सायटेशन्स 95.

आता या उदाहरणाशी थोडं खेळून बघा, कारण यातूनच हे आकडे कसे वागतात ते कळतं. समजा 42 वाल्या पेपरला साठ लेखक आहेत आणि आपली व्यक्ती त्यांत सदतिसावी आहे. तो पेपर बाजूला काढला तर एकूण सायटेशन्स 95 वरून 53 वर येतात, पण एच-इंडेक्स पाचच राहतो. 18, 11, 9, 6, 5 हे पाच पेपर अजून उभे आहेत. आता तो पेपर परत ठेवा आणि स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वजा करा. समजा 6 मधली दोन आणि 5 मधलं एक. उरले 42, 18, 11, 9, 4, 4. एच-इंडेक्स चारवर आला. बेचाळीस सायटेशन्स गेली तरी जो आकडा हलला नाही, तो तीन सायटेशन्सनी खाली आला. म्हणून हा आकडा हाती आला की तो कुठल्या पेपरांवर टेकला आहे ते बघायचं. काठावरचे दोन-तीन पेपर हेच खरे तपासायचे.

स्वतःच्या पेपरचा संदर्भ देण्यात गैर काही नाही. चांद्रमातीवर पुढचा प्रयोग करणारा आपल्या मागच्या प्रयोगाचा उल्लेख करणारच. मी फक्त प्रमाण पाहते. स्कोपसच्या पूर्ण सेवेत ही वजाबाकी एका क्लिकवर होते, गुगल स्कॉलरमध्ये होत नाही.

हिर्श यांनी स्वतःच 2020 मध्ये लिहिलं की या निर्देशांकाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. कल्पना मांडणाऱ्यानेच हे म्हटलं आहे, तेव्हा नेमणुकीच्या किंवा निवडीच्या टेबलावर एकटा एच-इंडेक्स ठेवणं थांबायला हवं. पस्तिशीतल्या संशोधकाची साठीतल्याशी तुलना तर मुळीच करू नका. पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्याने एच-इंडेक्सला भागलं तर थोडा न्याय होतो, तोही ढोबळच.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, माणसाला चिकटवायचा नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा सॅन फ्रान्सिस्कोचा डोरा जाहीरनामा 2013 पासून हेच सांगतो आहे.

या विषयाची चाल वेगळी

इथे थोडं थांबून वाचा, कारण नुसत्या आकड्यांवर निर्णय घेणारे इथेच चुकतात.

वनस्पतिशास्त्र विशाल आहे. भात, गहू, ॲराबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळांत वापरलं जाणारं छोटं रोप) यांवर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात, त्यामुळे चांगल्या पेपरचा संदर्भ देणारेही हजारो. अंतराळातल्या वनस्पतींवर काम करणारे गट त्या मानाने मूठभर. संदर्भ देणारेच कमी, मग सायटेशन्स कुठून येणार? ज्वारीच्या दुष्काळसहनशीलतेवर काम करणाऱ्याचे 40 आणि सूक्ष्मगुरुत्वातल्या, म्हणजे जवळजवळ वजनरहित अवस्थेतल्या, मुळांवर काम करणाऱ्याचे 40 हे सारखे 40 नाहीत.

दुसरं, वेळ. अंतराळ स्थानकावर व्हेजी नावाचं रोपं वाढवायचं उपकरण 2014 मध्ये पोचलं. 2014 ते 2016 या काळात तिथे वाढवलेल्या लाल लेट्यूसचं पोषण आणि त्यावरचे सूक्ष्मजीव यांचा तपशीलवार पेपर मार्च 2020 मध्ये आला. उड्डाणाची तारीख मिळणं, नमुने गोठवून परत आणणं, जमिनीवरच्या जोड-प्रयोगाशी ताडून पाहणं यात वर्षं जातात. आपल्याकडे 30 डिसेंबर 2024 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी60 रॉकेटसोबत चवळीचे दाणे गेले आणि चार दिवसांत त्यांना मोड आले. बातमी दुसऱ्याच दिवशी छापली जाते, पण पेपर आणि त्याची सायटेशन्स यायला काळ लागतो. अशा संशोधकाची मधली तीन वर्षं कोरडी दिसली तर आळस समजू नका. त्या वर्षांत उड्डाण, उपकरण किंवा नमुन्यांची परवानगी असं काही चालू होतं का ते शोधा.

याचं ठळक उदाहरण म्हणजे चांद्रमातीचा पेपर. मे 2022 मध्ये कम्युनिकेशन्स बायॉलॉजी या नियतकालिकात तो आला. अपोलो 11, 12 आणि 17 या मोहिमांनी आणलेल्या मातीत ॲराबिडॉप्सिसची रोपं वाढवली होती. लेखक तीन: ॲना-लिसा पॉल, स्टीफन एलार्डो आणि रॉबर्ट फर्ल. नासाने त्यांना दिलेली माती अवघी 12 ग्रॅम, एका रोपाला साधारण एक ग्रॅम. बी रुजलं, पण रोपं ताणाखाली वाढली, आणि अपोलो 11 च्या मातीतली सगळ्यात हलाखीत. ही माती मिळावी म्हणून त्यांनी अकरा वर्षांत तीनदा अर्ज केला होता. त्या अकरा वर्षांची धडपड कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही.

मग तुलना कशी करायची? दोन मार्ग मी वापरते. पहिला तयार मार्ग. पेपर पबमेड या वैद्यक आणि जीवशास्त्राच्या पेपरांच्या सूचीत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, आयसाइट हे मोफत साधन आहे, त्यात सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. ज्या पेपरांसोबत हा पेपर उद्धृत होतो त्यांवरून ते त्याचं क्षेत्र ठरवतं, त्यामुळे छोट्या विषयावर अन्याय कमी होतो. एनआयएचच्या अनुदानातल्या पेपरांचा मध्य 1 धरला आहे. ती वैद्यकीय संस्था आहे, हे वनस्पतींच्या बाबतीत लक्षात असू द्या. ओपनॲलेक्स आणि स्कोपसही विषय आणि वर्षाप्रमाणे तोललेला आकडा देतात, तिथे 1 म्हणजे जागतिक सरासरी.

दुसरा मार्ग हाताने करायचा, आणि माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे. ज्या पेपरची पारख करायची त्याच वर्षातले, त्याच किंवा तशाच नियतकालिकातले, वनस्पतींवरचेच वीस-तीस पेपर निवडा. एनपीजे मायक्रोग्रॅव्हिटी, लाइफ सायन्सेस इन स्पेस रिसर्च, ॲडव्हान्सेस इन स्पेस रिसर्च ही या विषयाची ठरलेली घरं. त्यांची सायटेशन्स उतरत्या क्रमाने लावा आणि आपला पेपर कितवा येतो ते पाहा. वरच्या चौथाईत असेल तर 15 सायटेशन्सही भरघोस आहेत. परीक्षण-लेख (आधीच्या कामाचा आढावा घेणारे) आणि प्रयोगाचे पेपर मात्र वेगळे ठेवा, परीक्षण-लेखांना नेहमीच जास्त संदर्भ मिळतात.

यानंतर संदर्भ देणारे पेपर उघडा. सगळे नको, पंधरा-वीस पुरे. आपल्या व्यक्तीचं नाव नेमकं कुठल्या वाक्यात आलं आहे ते शोधा. 'यापूर्वी अनेकांनी काम केले आहे' अशा वाक्यात आठ नावांच्या गर्दीत आलं असेल तर ते एक हजेरी. 'आम्ही अमुक यांच्या पद्धतीने नमुने गोठवले' असं असेल तर त्या कामावर कुणीतरी स्वतःचा प्रयोग उभा केला आहे. आणि 'आमचे निष्कर्ष अमुक यांच्याशी जुळत नाहीत' असं असेल तर तो वाद वाचलाच पाहिजे. या तिन्हीसाठी मी शीटमध्ये तीन वेगळे रंग ठेवते. रंग भरून झाले की गुणोत्तर न काढताही बरंच समजतं.

या विषयात आणखी एक ठिकाण पाहावं लागतं. नासाच्या खुल्या माहिती भांडारात अंतराळ प्रयोगांची जनुकीय माहिती सर्वांसाठी ठेवलेली असते आणि प्रत्येक संचाला क्रमांक असतो. दुसरे लोक ती माहिती वापरून नवे पेपर लिहितात, पण पुष्कळदा मूळ पेपरऐवजी नुसता संचाचा क्रमांक देतात. ते सायटेशन कुठेच मोजलं जात नाही. आपल्या संशोधकाच्या संचाचे क्रमांक भांडारात शोधा आणि तेच क्रमांक गुगल स्कॉलरच्या चौकटीत अवतरणचिन्हांत टाका. न मोजलेला वापर असा हाताशी येतो.

सहकार्याचा नकाशा

कोण कुणासोबत काम करतं हे पाहायला व्हॉसव्ह्यूअर हे मोफत साधन आहे, नेदरलँड्सच्या लायडेन विद्यापीठातलं. ओपनॲलेक्स किंवा स्कोपसमधून उतरवलेली यादी त्यात घाला, सह-लेखन हा प्रकार निवडा, मग लेखक, संस्था की देश ते सांगा. ठिपके आणि रेघांचा नकाशा तयार होतो. ठिपका जितका मोठा तितके पेपर जास्त, रेघ जितकी जाड तितकं एकत्र काम जास्त.

नकाशा काढायच्या आधी एक छोटी मजकूर-फाइल करा. दोन रकाने, मध्ये टॅब. डावीकडे जसं छापून आलं ते नाव, उजवीकडे जे धरायचं ते. 'सोलापूर युनिव्हर्सिटी', 'शोलापूर', लांबलचक नवं नाव, सगळ्यांसमोर एकच नाव. व्हॉसव्ह्यूअर ही फाइल शब्दसूची म्हणून घेतो. हे केलं नाही तर एकच संस्था नकाशावर तीन ठिपके होऊन बसते आणि स्वतःशीच सहकार्य करताना दिसते.

मोजणीचा प्रकार विचारला जातो तिथे पूर्ण ऐवजी अंशतः निवडा. कारण साधं आहे. तीन लेखकांच्या पेपरमधून तीन जोड्या तयार होतात, चाळीस लेखकांच्या पेपरमधून 780. अंतराळ जीवशास्त्रात मोठे संघ खूप असतात. जून 2024 मध्ये नेचरच्या नियतकालिकांतून अंतराळ-वैद्यकाच्या 40 हून अधिक पेपरांचा संच एकदम आला, त्यात जगभरच्या संस्था होत्या. अशा एका पेपरवर नाव असलं की माणूस नकाशावर जगाशी जोडलेला दिसतो. अंशतः मोजणीत प्रत्येक जोडीचं वजन घटतं आणि खरी रोजची जोडी वर येते.

आता चांद्रमातीच्या पेपरकडे पुन्हा या. तिन्ही लेखक एकाच विद्यापीठातले. देशांचा नकाशा काढला तर परदेशी सहकार्य शून्य, संस्थांचा काढला तरी शून्य. प्रत्यक्षात दोन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक भूशास्त्रज्ञ एकत्र आल्याशिवाय तो पेपर होऊच शकला नसता. म्हणून मी पत्त्यातला विभागही वेगळ्या रकान्यात लिहायला सांगते. वनस्पतिशास्त्र आणि अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र, अशा जोड्या या विषयाचा प्राण आहेत आणि देश मोजणाऱ्या तक्त्यात त्या हरवतात.

पेपरच्या शेवटचं योगदानाचं निवेदन वाचा: प्रयोग कुणी आखला, कुणी केला, विश्लेषण कुणाचं. त्याखालचे आभारही वाचा. उपकरण बनवणारे अभियंते, वर प्रयोग हाताळणारे अंतराळवीर बऱ्याचदा फक्त आभारात असतात. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या नावांवरून काही ठरवू नका.

विद्यार्थ्यांचं काय झालं

गाईड शोधणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. वरचे आकडे माणूस किती मोठा आहे ते सांगतील, तो आपल्या मुलांना सोबत घेऊन मोठा झाला का, ते सांगणार नाहीत.

शोधगंगेवर जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे प्रबंधांचं भांडार आहे, आणि त्यात मार्गदर्शकाच्या नावाने शोधता येतं. त्या व्यक्तीकडे कोणी पीएच.डी. केली ती नावं लिहून काढा. नोंदणीचं आणि प्रबंध सादर केल्याचं वर्ष सापडलं तर तेही लिहा. मग ही नावं तुमच्या शीटमधल्या पहिल्या लेखकांशी ताडून पाहा. किती विद्यार्थी स्वतःच्या प्रबंधाच्या पेपरवर पहिले लेखक आहेत? पीएच.डी. झाल्यावर त्यांचं नाव पुढे स्वतंत्रपणे दिसतं का, की तिथेच संपतं? कुणाचा प्रबंध आहे पण पेपरवर नावच नाही, असं एकापेक्षा जास्त वेळा दिसलं तर सावध व्हा.

मोहोळकडची एक विद्यार्थिनी गेल्या खेपेला दोन नावं घेऊन आली होती. घरी मालदांडी ज्वारी, आणि तिला मुळांना खाली-वर कसं कळतं यावर काम करायचं होतं. एका नावाचा एच-इंडेक्स दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. दोघांच्या याद्या तिने वरच्या रीतीने केल्या. मोठा आकडा बराचसा मोठ्या संघांच्या पेपरांवर उभा होता, त्यांत त्यांचं नाव मधे कुठेतरी. लहान आकड्याच्या बाईंकडे पेपर थोडे, पण जवळजवळ प्रत्येकावर पहिलं नाव कुणा विद्यार्थ्याचं आणि शेवटचं त्यांचं. संदर्भ देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांची क्लिनोस्टॅटची पद्धत वापरलेली. क्लिनोस्टॅट म्हणजे रोप संथ फिरवत ठेवून गुरुत्वाची दिशा चुकवणारं यंत्र, ते जमिनीवरच चालतं. तिला रॉकेटची वाट पाहायची नव्हती, मुळं बघायची होती. तिने बाईंना मेल केला.

त्या मेलमध्ये काय लिहावं, हेही मुलं विचारतात. त्यांचा एक पेपर पूर्ण वाचा आणि त्यातला एक नेमका प्रश्न विचारा. आपल्याला पुढे कुठल्या पिकावर, कशावर काम करायचं आहे ते दोन ओळींत सांगा. एच-इंडेक्सचा उल्लेखही नको. त्यांच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायची परवानगी मागा आणि त्याला किंवा तिला तीन गोष्टी विचारा: फेलोशिप वेळेवर मिळते का, पेपरवरची नावं कधी आणि कशी ठरतात, आणि प्रयोग फसला तर पुढे काय होतं. या तिन्हींची उत्तरं कुठल्याही संकेतस्थळावर सापडत नाहीत.

ज्यांना आत्ताच हात घालायचा आहे त्यांनी नासाच्या भांडाराचे विश्लेषण गट पाहावेत. वनस्पतींचा वेगळा गट आहे, जगभरातून लोक अर्ज करून सामील होतात, विद्यार्थीसुद्धा. तिथली माहिती आधीच वर जाऊन आलेली आहे, तुम्हाला लागतं ते संगणक, इंटरनेट आणि संख्याशास्त्राची तयारी. आपल्या संशोधकाने अशा गटात काम केलं असेल तर तेही सहकार्यात धरा.

सगळं झालं की एका पानावर आणा. वर नाव, ऑर्किड क्रमांक आणि तारीख. मग पेपर किती, त्यांत पहिलं किंवा शेवटचं नाव किती ठिकाणी, तिन्ही ठिकाणचा एच-इंडेक्स शेजारी-शेजारी, स्वतःची सायटेशन्स वजा जाता काय उरतं, साठ-साठ लेखकांचे पेपर वगळून काय उरतं. खाली नकाशा. त्याखाली विद्यार्थ्यांची नावं आणि ते आज कुठे आहेत. शेवटी तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले तीन पेपर आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी, स्वतःच्या शब्दांत. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तीच शीट पुन्हा उघडा, नवे पेपर घाला, तारीख बदला आणि छापून सोबत न्या. प्रिंट ग्रंथालयात काढून मिळेल.